टेक्नो-हाऊस विकत घ्यायचं तर फाईल की रेकॉर्ड? आणि तेही नागपुरात?

संत्रा_३०३ | ११ मे, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मनीषनगरला राहतो, नोकरी मिहानला. गेली चार वर्षं मिळेल तिथे वाजवतो. कधी मित्राच्या गच्चीवर, कधी हिंगणा रोडवरच्या फार्महाऊसवर, महिन्यातून एकदा धरमपेठेतल्या एका कॅफेत. घरी अजूनही डीजे म्हणजे ट्रकवर भिंत रचून लोकांच्या खिडक्या हादरवणारा माणूस. आईने शेजारच्या काकूंना समजावलं, "वरातीत नाही वाजवत हो तो. ते शब्द नसलेलं वाजवते." याहून नेमकी व्याख्या मला अजून जमली नाही. वाजवतो ते टेक्नो, डीप हाऊस, थोडं इलेक्ट्रो, म्हणजे यंत्रांवर बनलेलं नाचायचं संगीत. लहान लेबलांचं (संगीत काढणाऱ्या कंपन्यांचं), जगभरात चार-पाचशे लोक ऐकत असतील असं.

आता कबुली. आजवर निम्मं संगीत इकडून तिकडून उतरवलेलं होतं. मागच्या महिन्यात कॅफेत एक ट्रॅक लावला. घरी हेडफोनवर ठीक होता. मोठ्या स्पीकरवर त्यातल्या झांजा अशा वाजल्या की कोणी स्टीलच्या ताटात वाळू चाळून राहिलं. घरी येऊन लॅपटॉपवर स्पेक्ट्रम (आवाजात कोणती वारंवारता किती आहे त्याचं चित्र) उघडला तर सोळा किलोहर्ट्झच्या वर सगळा काळोख. नावात सेकंदाला ३२० किलोबिट, आत १२८ चाच माल. त्याच रात्री ठरवलं, आता विकतच घ्यायचं. महिन्याला तीन हजार बाजूला काढू शकतो.

तर फाईल घेऊ की रेकॉर्ड? फाईल घेतल्या तर या पैशात वीस-एक ट्रॅक येतात. रेकॉर्ड परदेशातून मागवली तर एक येते, कधी तीही येत नाही. वर दोन टर्नटेबलं, मिक्सर आणि सुया यांचा हिशोब दोन लाखांच्या पुढे जातो. पण मला आवडणारे निम्मे लोक फक्त रेकॉर्डवर काढतात. त्यांचं काय करायचं? ऐकायचंच नाही का?

---

गोकुळपेठी | ११ मे, रात्री ११:५८

तीन हजारात महिनाभर रोज तर्री पोहे येतात. दोघांसाठी. हलकेच घ्या.

---

बिटरेट | १२ मे, सकाळी ७:१५

स्पेक्ट्रम पाहायची सवय लागली हे चांगलं झालं. पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. १२८ ची एमपी३ साधारण सोळा किलोहर्ट्झला कापलेली असते आणि ३२० ची वीसच्या आसपास, हे खरं. पण काही निर्माते मुद्दामच वरचा भाग कापतात. जुन्या यंत्रांवरून घेतलेल्या नमुन्यांत तो मुळातच नसतो. चित्र पाहून शंका घ्यावी, निकाल कानाने द्यावा.

सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल सेकंदाला १४११ किलोबिट खाते. सात मिनिटांचा ट्रॅक ३२० मध्ये सुमारे १७ एमबी होतो आणि वेव्हमध्ये सुमारे ७४. डोळे बांधून ऐकवलं तर दोन्हींतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही, मलाही नाही. तरी लॉसलेसच घ्या, म्हणजे आतलं काहीही न गाळलेली फाईल. दुधाचा खवा होतो, खव्यात पाणी घालून दूध होत नाही. शिवाय तुम्ही वाजवताना वेग बदलणार, वेग बदलला तरी सूर तोच राहावा म्हणून तो कुलूपबंद करणार, म्हणजे यंत्र फाईल ताणणार. एमपी३ ताणली की शिवण उसवलेली दिसते.

कोणत्या स्वरूपात घ्यावी? एआयएफएफ. वेव्हमध्ये कलाकाराचं नाव, लेबल, वेग ही माहिती धड टिकत नाही. फ्लॅक निम्म्या जागेत बसते, पण २०१६ च्या सीडीजे-२००० नेक्सस २ च्या आधीचे पायोनियरचे डीजे प्लेअर ती वाजवतच नाहीत. पडद्यावर ई-८३०५ ही चूक येते आणि समोर लोक उभे असतात. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, नाहीतर बरेच प्लेअर तो ओळखतच नाहीत.

राहिला "रेकॉर्डचा आवाज उबदार" हा मुद्दा. आजचं बहुतेक नृत्यसंगीत संगणकावर तयार होतं. कटिंग इंजिनिअरकडे, म्हणजे रेकॉर्डची खाच कोरणाऱ्याकडे, जाते ती फाईलच. तो खालचा बास मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखा) करतो, कारण डाव्या-उजव्या वाहिनीत बास उलटसुलट झाला की सुई खाच सोडून उडते. फार तीक्ष्ण 'स' आणि झांजा तो दाबतो. खाच जशी आत सरकते तसा सुईखालून जाणारा वेग निम्म्याहून कमी होतो, म्हणून बाजूच्या शेवटी वरचे स्वर मळकट होतात. या सगळ्याला लोक ऊब म्हणतात. आवडत असेल तर जरूर ऐका, पण ती मुळाशी जास्त प्रामाणिक असते असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

---

सुईवाला | १२ मे, सकाळी १०:३३

बिटरेटभाऊ, उबेचं आम्हाला नका सांगू. ४५ डिग्रीत बसून लिहून राहिलो.

संत्रा, मी महालातला. केळीबाग रोडवर दहा रुपयांत कॅसेट भरून मिळायची त्या जमान्यातला. ९८ साली मुंबईतला एक डिस्को बंद पडला, तिथून दोन टेक्निक्स १२०० एमके२ टर्नटेबलं उचलली. विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्रभर एक पायाखाली, एक मांडीवर. टीसीने विचारलं काय आहे. म्हटलं शिलाई मशीन. त्याने पावती नाही मागितली, फक्त म्हणाला, वजनदार आहे. त्या टेबलांना आजपर्यंत एकदा तेल आणि एकदा पिनची वायर, एवढंच लागलं. कंपनीने १२०० ही मालिका १९७२ मध्ये आणली, २०१० मध्ये बंद केली आणि २०१६ मध्ये परत काढली. मधल्या सहा वर्षांत माह्याकडे विकायचं का म्हणून विचारणारे चौघं येऊन गेले.

आता नागपूरचं सांगतो, ते तुला कोणी बाहेरचा नाही सांगणार.

रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी. साठ अंशांच्या आसपास ती नरम पडते. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ नोंदलं गेलं, सावलीत. उन्हात काच लावून उभ्या केलेल्या गाडीत किती होत असेल याचा हिशोब तूच कर. मी केला नव्हता. बर्डीवर बायकोसोबत साड्या घ्यायला गेलो, मागच्या सीटवर पार्सल, चाळीस मिनिटं. परत आलो तर रेकॉर्डचा पापड. नुसती वाकडी नव्हती, कडेला लाट आली होती. दोन काचांमध्ये दाबून, वर बाराखडीपासून विश्वकोशापर्यंत सगळं ठेवून महिनाभर वाट पाहिली. लाट गेली आणि आवाज पण गेला. आजही भिंतीवर घड्याळ म्हणून आहे.

दुसरी गोष्ट कूलर. एसीवाल्यांनी हा परिच्छेद सोडावा. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप, खोलीत दमट हवा. दोन उन्हाळ्यांत कव्हरांवर पांढरी बुरशी. आणि कूलरच्या मोटरची घरघर जमिनीतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून स्पीकरात. मला वर्षभर वाटत होतं की टेक्नोच्या माहेरच्या, डेट्रॉइटवाल्यांनी बास असाच बनवला आहे. नंतर टेबलाखाली कडप्प्याची फरशी टाकली, फरशीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. घरघर निम्मी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी कूलर बंद करतो. मे महिन्यात आमच्या घरी टेक्नो बनियनवर वाजते.

एवढं सांगून मी तुला रेकॉर्ड घे म्हणणार असं वाटलं असेल. नाही बा. तू गच्चीवर वाजवतो. तिथे टेबलं चढवणार कोण? चार पोट्टे नाचले की स्लॅब हलणार, स्लॅब हलला की सुई पहिल्या उडीला पुढच्या गल्लीत. तू फाईलच घे.

पण घेताना रेकॉर्ड घेतल्यासारखी घे. ९९ साली मी वर्षभरात अकरा रेकॉर्डी घेऊ शकलो. अकरा. त्यातली कोणतीही आज अंधारात लावून दे, कुठे ठेका थांबतो ते मी बोटाने दाखवतो, कारण तिथे खाच वेगळी चमकते. बी बाजूचा दुसरा ट्रॅक, जो कोणी ऐकत नाही, तो पण पाठ, कारण पैसे त्याचेही दिले होते. तुह्याकडे किती फाईली आहेत सध्या? त्यातल्या किती पूर्ण ऐकल्या?

---

गोकुळपेठी | १२ मे, सकाळी १०:५०

टीसीला शिलाई मशीन! काका, दंडवत.

---

धरमपेठ_ते_बर्लिन | १२ मे, दुपारी ४:०५

लहानपण ट्रॅफिक पार्कच्या मागे, सध्या मुक्काम बर्लिन, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

इथे हार्ड वॅक्स नावाचं दुकान आहे, १९८९ पासूनचं, मार्क अर्नेस्टसने काढलेलं. डेट्रॉइट आणि शिकागोच्या रेकॉर्डी युरोपात आणण्यात या दुकानाचा मोठा वाटा. प्रत्येक रेकॉर्डवर दुकानदाराची एका ओळीची टिप्पणी असते. बस, एक ओळ. त्या ओळीवर मी वाट्टेल ते घेऊन आलेय. फाईलच्या दुकानात मला सर्वांत जास्त कमतरता जाणवते ती आवाजाची नाही, त्या ओळीची. तिथे यादी खाली सरकत राहते आणि प्रत्येक ट्रॅक दुसऱ्यासारखा वाटायला लागतो.

पण बर्लिनबद्दल फार स्वप्नं पाहू नका. इथलेही बहुतेक डीजे आता खिशात दोन पेनड्राइव्ह घेऊन येतात. बऱ्याच ठिकाणची टेबलं इतकी हेळसांड झालेली असतात की रेकॉर्डवाला बिचारा पहिली वीस मिनिटं घरघर काढण्यात घालवतो. आणि एका बारा इंची रेकॉर्डचं वजन कव्हरसकट दीड-दोनशे ग्रॅम धरा. साठ रेकॉर्डींची पिशवी उचलून चार जिने चढलात की डिजिटलचे फायदे आपोआप पटतात.

"फक्त रेकॉर्डवर" काढणाऱ्यांचं म्हणाल तर काही ठिकाणी ती खरोखरच भूमिका असते. पेर्लोन हे लेबल १९९७ पासून आहे आणि वर्षानुवर्षं डिजिटलच्या दुकानांपासून दूर राहिलं. त्यांचा मी आदर करते. पण तीनशे प्रती काढायच्या, हाताने शिक्का मारायचा आणि महिन्याभरात त्या डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या ऑनलाइन बाजारात तिप्पट भावाने दिसायच्या, यात भूमिका कोणाची आणि धंदा कोणाचा हे मला कळत नाही. तिप्पट पैशातला एक छदामही बनवणाऱ्याकडे जात नाही.

संत्रा, मधला रस्ता आहे. बँडकॅम्पवर (कलाकार आणि लेबलं थेट विकतात ती साइट) रेकॉर्ड घेतली की बहुतेक वेळा तीच फाईल लगेच उतरवून घेता येते. रेकॉर्ड यायची तेव्हा येवो.

---

अंबानगरी | १२ मे, सायंकाळी ६:२०

"यायची तेव्हा येवो" हे बर्लिनहून म्हणायला सोपं आहे ताई. माझा अनुभव: रेकॉर्ड १४ युरो, पोस्टेज १७ युरो. मग पार्सल मुंबईच्या फॉरेन पोस्टात अडकलं, ट्रॅकिंग एकोणीस दिवस एका जागी. शेवटी पोस्टमनकाका दारात ड्यूटीची पावती घेऊन. सगळं मिळून चार हजारांच्या वर. पाकीट उघडलं तर कोपरा समोशासारखा दुमडलेला. पोस्टमनकाकांनी विचारलं, "आत काय होतं?" म्हटलं गाणी. ते म्हणाले, "मोबाईलमध्ये येत नाहीत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकच जमलं तर करा: चार मित्र मिळून एकदाच मागवा, पोस्टेज वाटून जातं.

---

आत्याबाई | १२ मे, रात्री ९:१०

वाचतेय. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण मजा येतेय. आमच्याकडे बाबांची एचएमव्हीच्या रेकॉर्डींची पेटी आहे, माळ्यावर. त्यात हे टेक्नो असण्याची काही शक्यता?

---

सुईवाला | १२ मे, रात्री ९:४८

ताई, हसू नका कोणी. शक्यता आहे. १९८२ साली एचएमव्हीनेच चरणजीत सिंग यांची एक रेकॉर्ड काढली होती, दहा रागांवर डिस्को ठेका. त्यांच्याकडे रोलंडची ३०३ (बासचं) आणि ८०८ (ठेक्याचं) ही यंत्रं होती. शिकागोवाल्यांनी त्याच ३०३ मधून अ‍ॅसिड हाऊस काढलं ते पाच वर्षांनी, १९८७ ला रेकॉर्डवर आलं. आपल्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने पुन्हा छापली, तेव्हा कुठे जग जागं झालं. सिंगसाहेब २०१५ ला गेले. या पोट्ट्याच्या नावातला ३०३ तो हाच.

माळा तपासा. सापडली तर उन्हात नका ठेवू.

---

आत्याबाई | १३ मे, सकाळी ११:३०

तपासला. तीन नाट्यगीतं, एक कीर्तन, दोन लावण्या आणि एक "इंग्रजी बोलायला शिका". ती शेवटची लावली तर त्यातला साहेब फारच हळू बोलतो. बाबांना इंग्रजी का आलं नाही ते आज कळलं.

---

बिटरेट | १३ मे, सकाळी ११:४४

आत्याबाई, ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची असेल आणि तुम्ही ३३ वर लावली असेल.

---

मृण्मयी_प्रतापनगर | १३ मे, दुपारी १:०२

बनवणाऱ्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी घरी एक जुना सिंथेसायझर आणि लॅपटॉप घेऊन संगीत बनवते. वर्षाला एखादी ईपी, म्हणजे मोजक्या ट्रॅकचा छोटा संच, निघते.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि रेकॉर्ड-टीशर्टसारख्या वस्तूंवर १० टक्के. पेमेंटचा खर्च वेगळा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी ८२ टक्के कलाकार किंवा लेबलकडे जातात, आणि माझ्या हिशोबातही साधारण तसंच पडतं. बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे ते जाहीर करतात त्या ठरावीक शुक्रवारी, ते आपला वाटा सोडतात. ही प्रथा २० मार्च २०२० ला कोविडमध्ये सुरू झाली. खरेदी त्या शुक्रवारी केलीत तर आम्हाला थोडे जास्त मिळतात, तुम्हाला तेवढेच पडतात.

याच्या उलट स्ट्रीमिंग. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकचे बारा महिन्यांत हजार प्ले झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. माझ्या सहा ट्रॅकपैकी एक हजाराच्या पुढे गेला. मागच्या ईपीच्या ४१ प्रती बँडकॅम्पवर विकल्या गेल्या आणि त्यातून नवीन साउंडकार्ड आलं. त्यातली एक प्रत जपानमधल्या कोणी तरी घेतली, ठरलेल्या किमतीच्या दुप्पट देऊन, आणि खाली लिहिलं, "तिसऱ्या ट्रॅकमधला पाऊस आवडला." पाऊस नव्हता तो, कूलर होता. सुईवाले काका, तुम्हाला कळेल.

रेकॉर्ड छापायचा मोह झाला होता. चौकशी केली तर कमीत कमी तीनशे प्रतींशिवाय भाव परवडत नाही, पैसे आधी आणि प्रती सहा-सात महिन्यांनी. विकल्या गेल्या नाहीत तर दोनशे रेकॉर्डी आईच्या दिवाणात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. नाही म्हटलं.

तेव्हा संत्रा, फाईल घेतलीस म्हणून तू काही कमी दर्जाचा श्रोता होत नाहीस. चोरून उतरवलेली वाजवत होतास तेव्हा मात्र होतास. लागलं तर लागू दे.

---

संत्रा_३०३ | १३ मे, रात्री १०:१५

लागलं. आणि बरोबर आहे.

सुईवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज बसलो. फोल्डरमध्ये २३१४ फाईली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेल्या १४० च्या आसपास. कॅफेत खरोखर वाजवतो त्या साठ. बाकीच्या बावीसशे काहून जमा केल्या ते मलाच माहीत नाही. दिवाळीच्या सफाईत आई म्हणते ना, "हे ठेवलंस कशाला?" तसं झालं.

मृण्मयी, एक अडचण. आज तुझ्याच पानावर खरेदी करायला गेलो तर कार्ड नाकारलं. तीन वेळा.

---

मृण्मयी_प्रतापनगर | १३ मे, रात्री १०:३१

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू कर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात. खरेदी झाली की परत बंद कर. आणि विदेशी चलनावर बरीचशी कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत लावतात, वर जीएसटी. एकेक ट्रॅक रोज घेण्यापेक्षा कार्टमध्ये साठवून त्या शुक्रवारी एकदम घे, म्हणजे विवरणपत्र तरी वाचण्यासारखं राहतं.

---

बिटरेट | १३ मे, रात्री ११:००

एक मुद्दा राहिला, कबूल करायला आवडत नाही, पण काकांची बाजू इथे भक्कम आहे. रेकॉर्ड विकता येते, फाईल नाही. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या गाण्यांच्या फाईली विकायचं दुकान काढलं होतं. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला. २०१३ मध्ये न्यायालयाने दुकानाच्या विरोधात निकाल दिला आणि २०१८ मध्ये अपिलातही तोच राहिला. कारण असं की फाईल "देताना" तिची नवी प्रत तयार होते. म्हणजे तुम्ही दहा वर्षांत लाखाच्या फाईली घेतल्या तरी त्यांची फेरविक्रीची किंमत शून्य. आणि दुकान बंद पडलं तर तुमची खरेदी केलेली यादीही गेली. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरात, एक दुसऱ्याच्या घरात.

---

सुईवाला | १३ मे, रात्री ११:२६

मागच्या वर्षी एक रेकॉर्ड विकली. बेल्जियमच्या माणसाने घेतली. त्या पैशात कूलरला नवीन पंप आला. फाईल विकून पंप येतो का सांगा.

संत्रा, आता ऐक. महिन्याला तीन हजार आहेत म्हणून तीन हजारांचं घ्यायचं नाही. आठ ट्रॅक. आधी आठवडाभर इच्छायादीत ठेव. रोज ऑफिसला जाता-येता ऐक. आठव्या दिवशी जो गुणगुणता येतो, शब्द नसले तरी येतो, तो घे. उरलेले पैसे साठव. वर्षाने टेबल घ्यावंसं वाटलं तर एकच घे, घरात ऐकायला. गच्चीवर न्यायचं नाही.

---

ठेकाबहाद्दर | १४ मे, सकाळी ९:००

टाइमकोडचा पर्याय कोणी कसा सांगितला नाही? दोन खास रेकॉर्डी घ्यायच्या, त्यांवर गाणं नसतं, नुसता सिग्नल. सुई तो वाचते आणि लॅपटॉपमधली फाईल त्या वेगाने वाजते. सेराटो आणि ट्रॅक्टर या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरांत होतं. हात रेकॉर्डवर, संगीत फाईलचं.

---

सुईवाला | १४ मे, सकाळी ९:१२

म्हणजे टेबल पण घ्या आणि लॅपटॉप पण उचला. छान.

---

गोकुळपेठी | १४ मे, सकाळी ९:२०

माझ्याकडून एकच मागणी. १२८ ची फाईल ३२० म्हणून खपवणाऱ्या भामट्याला यंदा मारबतीच्या मिरवणुकीत बडग्याचा पुतळा करून फिरवा. घेऊन जा गे मारबत!

---

संत्रा_३०३ | २२ जून, दुपारी ३:४०

धागा वर आणतोय, कारण हिशोब द्यायचा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अकरा ट्रॅक घेतले. आठ ठरले होते, तीन जास्त झाले, त्यात मृण्मयीची ईपी. बावीसशेतल्या सोळाशे फाईली उडवल्या. त्यांना शेवटचं ऐकावं म्हणून लावल्या आणि निम्म्यांची मिनिटभरातच ओळख पटेना, म्हणून वाईटही वाटलं नाही. कॅफेत एक तास फक्त विकत घेतलेलं वाजवलं. कोणाला फरक कळला नाही, पण माझा हात प्रत्येक ट्रॅकवर योग्य वेळेला गेला. पुढे काय येणार ते माहीत होतं.

आणि हो, एक रेकॉर्डही घेतली. १४ मेच्या रात्रीच, काकांना न सांगता. बँडकॅम्पवरून, त्यामुळे फाईल तेव्हाच मिळाली आणि महिनाभर गाडीत तीच वाजत होती. रेकॉर्ड गुरुवारी आली. पहिला जोराचा पाऊस, पोस्टमनने पाकीट रेनकोटच्या आत धरलेलं. ड्यूटी भरली, आकडा सांगत नाही, आई इथे वाचते असा संशय आहे.

रविवारी घेऊन महालात काकांकडे गेलो. पांढरं कव्हर, मधल्या कागदावर नुसता शिक्का, वेग लिहिलेला नाही. काकांनी कडप्प्यावरच्या टेबलावर लावली, सुई टेकवली, डोळे मिटले. मीही मिटले. ठेका जड, सावकाश, बास असा की फरशीतून पायात येत होता. काकू चहा ठेवून गेल्या. दोन मिनिटं गेली तरी मला काही तरी खटकत होतं. ट्रॅक मिनिटाला १३० ठोक्यांचा, माझ्या फोनमध्ये तसंच लिहिलेलं. हा चालला होता ९६ वर. ४५ ची रेकॉर्ड आम्ही ३३ वर ऐकत होतो.

मी म्हटलं, काका, वेग चुकला. ते म्हणाले, "मला माहीत नाही का? मधल्या आवाजावरून पहिल्याच मिनिटाला कळलं. पण असाच बरा वाटून राहिला."

मग ४५ वर लावली. तीही चांगली आहे.

---

बिटरेट | २२ जून, सायंकाळी ५:०५

काकांना पहिल्याच मिनिटाला कळलं यावर माझा विश्वास नाही. नोंद करून ठेवतो.

---

आत्याबाई | २२ जून, सायंकाळी ५:३०

बघा! माझ्याच बाबतीत झालं तर सगळे हसले.

---

सुईवाला | २२ जून, रात्री ८:१५

संत्रा, रेकॉर्ड इथेच विसरला आहेस. पावसात न्यायला येऊ नको, उभी करून ठेवली आहे, कूलरपासून लांब. रविवारी ये. येताना तो ९६ वाला वेग ज्याला शोभेल असं काही तरी फाईलमध्ये आण, मागच्या खोलीतल्या मिक्सरला यूएसबीचं भोक आहे, आजवर वापरलं नाही.